बॅटरी मालकाची, गाणं तुमचं

भिवसनमामा, तुमचा जुना टेप आमच्या घरी कपाटावर पडून आहे. आपण दोघांनी मिळून तो ट्रकच्या डॅशबोर्डातून उपसून काढला, तेव्हा तुम्ही त्याच्यावरची धूळ फुंकून म्हणाला होतात, "चला, म्हातारा रिटायर झाला." म्हातारा आहे. तुम्ही नाही. आणि तुमचा मालक ज्याला त्याला सांगत सुटला आहे की भिवसन गाणी ऐकण्याच्या नादात मेला.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं होतं. मी उभी राहिले आणि बसले. माझ्याआधी जे बोलले ते सगळे तुम्हाला मनमिळाऊ म्हणाले. मनमिळाऊ! कंपनीच्या गेटवरच्या प्रत्येक वॉचमनशी ज्यांनी भांडण केलं, पुढाऱ्याची गाडी मागून भोंगा वाजवत आली तरी ज्यांनी बाजू दिली नाही, ते भिवसनमामा मनमिळाऊ. मेलेल्या माणसाला असं घासून गुळगुळीत करून ठेवतात, म्हणजे मग तो कुणाला टोचत नाही. तिथं गप्प बसले, म्हणून इथं लिहिते आहे.

तुमचं आणि आमचं घर एका भिंतीचं. तुम्ही सिल्लोडकडचे, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. आम्ही बौद्ध, शहरातले, पत्रकं छापणारे. मी अक्षरं शिकले ती बाबांच्या पत्रकांवर. इतर पोरी बाराखडी गिरवत होत्या तेव्हा मी 'जाहीर निषेध' गिरवत होते. त्या पत्रकांचे गठ्ठे तुम्ही सीटमागं टाकून पैठणपर्यंत, सिल्लोडपर्यंत न्यायचात, चहाच्या टपरीवर ठेवायचात. वाचायचात मात्र सावकाश, बोट ठेवून, आणि परत आल्यावर बाबांना टोमणा मारायचात, "तुमच्या कागदात निषेध लई. जेवला का म्हणून कुठंच इचारलेलं नाय." बाबा चिडायचे. मी हसायचे. माझं नाव बाबांनी क्रांती ठेवलं, त्यावरूनही तुम्ही सोडलं नाहीत. गल्लीतून हाक मारायचात, "क्रांते, चहाला ये. तुझा बाप वाट बघून थकला, तू आपली माझ्याकडं बिस्कुटं खाती."

टेपचा विषय तुम्ही काढलात तो असाच चहा पिताना. जुन्या टेपात कॅसेट अडकून राहिली होती, आवाज फाटत होता. तुम्हाला मोबाइलवरच्या कव्वाल्या गाडीत ऐकायच्या होत्या. "तू इंटरनेट बघती. काय काय लागतं ते काढ. आपल्याला बी कळत नाय, तुला बी कळत नाय. दोघं मिळून शिकू."

मी लगेच पत्रकातलं बोलले. म्हटलं, मामा, गाडी मालकाची. त्याच्या गाडीत तुम्ही तुमच्या घामाचा पैसा का घालायचा? ड्रायव्हरनं दिवसभर ज्या केबिनमध्ये बसायचं ती बसण्यासारखी ठेवणं मालकाचं काम आहे. आधी त्याच्याकडं मागा.

तुम्ही बशीतला चहा संपवलात. मग म्हणालात, "बॅटरी मालकाची, गाणं माझं. गाणं बी त्याच्याकडं मागू व्हय? मग त्यो म्हणंल कोणतं ऐकायचं."

हा वाद आपला तिथंच थांबला. आजही मला वाटतं की माझं बरोबर होतं. तुम्ही समोर असतात तर पुन्हा तेच बोलले असते, आणि तुम्हीही तेच. मेलात म्हणून मी माघार घेणार नाही, मामा. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

आपण दुकानं धुंडाळायला गेलो तो दिवस आठवतो? दुकानातल्या माणसानं भलंमोठं खोकं वाजवून दाखवलं. छातीत धडधडलं, काचेचं कपाट थरथरलं. तो म्हणाला, "काका, हे बसवा. दोन चौक लांब ऐकू जाईल." तुम्ही म्हणालात, "लांबच्याला कशाला? लांबचा काय माझ्या गाडीत बसलाय?" मग तुम्ही त्याला तुमची कव्वाली लावायला लावलीत आणि कान पुढं केलात. धडधड होती, शब्द नव्हते. "कव्वालीतला शब्द गेला तर मागं राहतं काय? टाळ्या." मला तेव्हा कळलं की आपल्याला मोठा आवाज नको आहे, स्पष्ट आवाज हवा आहे. घरी येऊन मी त्याच दिशेनं वाचायला लागले.

वाचता वाचता कळलं की आपण उलट्या टोकापासून सुरुवात करत होतो. स्पीकर सगळ्यात शेवटी येतात. तुमच्या जुन्या ट्रकचं इंजिन अर्धं केबिनमध्येच. दोन सीटच्या मधोमध झाकणाखाली ते गुरगुरतं. दरवाज्याचे पत्रे वाजतात, मागची भिंत वाजते. त्या गोंगाटावर आवाज चढवायचा म्हणजे कान फोडून घ्यायचे. आधी केबिन शांत करायची. पत्र्याला आतून जाड काहीतरी चिकटवायचं, दरवाज्याची कुजलेली रबरं बदलायची. मग दोन साधे स्पीकर, दरवाज्यात नाही तर डोक्याच्या उंचीला, कानाच्या दिशेनं. मोबाइल जोडता येईल असा साधा सेट. वायरला बॅटरीजवळच फ्यूज. बस्स. जादा काही नाही.

जाड काहीतरी म्हटल्यावर तुम्ही घरात गेलात आणि तुमच्या वडिलांची घोंगडी घेऊन आलात. मथुरामामी मागून ओरडली, "सासऱ्याची घोंगडी पत्र्याला ठोकणार? डोकं फिरलंय का तुमचं?"

"बापानं हिच्यावर बसून जन्मभर मेंढरं राखली," तुम्ही म्हणालात. "आता माझे कान राखंल."

"अन् थंडीत मी काय पांघरू? स्पीकर?"

मामीचं ते बोलणं तुम्ही पुढं महिनाभर प्रत्येक ड्रायव्हरला सांगत होतात. घोंगडी शेवटी मागच्या भिंतीवर बसलीच. गुलमंडीत जाऊन आपण तिच्यावर लावायला रेक्झिन आणलं. मी साधं तपकिरी म्हणत होते, तुम्ही मोरपंखी घेतलंत. मला ते भडक वाटलं. आता तो रंग कुठं दिसला तरी मान वळवते.

आणि मग बॅटरी. हे इथं नीट लिहिलंच पाहिजे, कारण सगळं इथंच येऊन अडतं.

तुमच्या ट्रकला दोन बॅटऱ्या, एकीला दुसरी जोडलेली. ट्रकला दोन्हींची मिळून ताकद लागते. पण टेप निम्म्या ताकदीवर चालतो. म्हणून शहरातले वायरमन वर्षानुवर्षं एक सोपी गोष्ट करत आले आहेत: दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतात आणि टेपला देतात. पंखाही त्याच वायरवर, मोबाइलचं चार्जिंगही त्याच वायरवर. टेप वाजतो, कुणाचं काही बिघडल्यासारखं दिसत नाही. पण ती एक बॅटरी रोज उपसली जाते आणि पुरती कधीच भरत नाही, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून उकळत राहते. शेवटी दोन्ही मरतात. खरा उपाय म्हणजे मधे एक छोटी डबी बसवायची, ती दोन्हींकडून सारखं घेऊन टेपला निम्मं देते.

मी हे अस्लमभाईंना सांगितलं. तुमच्या गाडीची वायरिंग त्यांनीच केलेली. ते मान हलवत हसले. "बेटा, सब ऐसाच करते. तुम कागज में पढ़े, हम गाडी में पढ़े."

"अन् बॅटरी दर साली का मरती मग?" तुम्ही त्यांना विचारलंत.

"मामा, बॅटरी है. मरती."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि त्यांच्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "अस्लम, पोरगी म्हणती तसं करू. चुकली तर तिच्या बापाच्या पत्रकात तिचाच निषेध छापू." आणि आपण ठरवलं: आधी मालकाकडून दोन नव्या सारख्या बॅटऱ्या, मग ती डबी, मग सेट. तोवर जुना टेप काढून ठेवायचा.

तुम्ही मालकाकडं गेलात. बॅटरी म्हणालात, तो म्हणाला गाडी विकायचीच आहे. हँडब्रेक धरत नाही म्हणालात, तो म्हणाला गाडी विकायचीच आहे. क्लीनरला का काढलं म्हणालात, त्यावरही तेच. विकायची आहे म्हणत म्हणत त्यानं ती गाडी कित्येक पावसाळे-उन्हाळे पळवली. तुमच्यासाठी मात्र ती रोजच विकली गेलेली होती.

त्यामुळं शेवटचे आठवडे डॅशबोर्डात चौकोनी भोक होतं आणि गाडीत गाणं नव्हतं. क्रम बरोबर होता आणि त्या बरोबर क्रमानं तुमचे शेवटचे दिवस मुके गेले. दोन्ही खरं आहे. या दोन खऱ्या गोष्टी घेऊन कसं राहायचं ते मला कुठल्या पत्रकानं शिकवलेलं नाही.

चितेगावला त्या दिवशी मी नव्हते. तुमच्या मागच्या गाडीवाल्यानं जे सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. कंपनीच्या गेटबाहेर सकाळपासून रांग, ऊन चढलेलं, तुमचा पंखा चालू. गेटकडं जाणारा रस्ता चढाचा. हँडब्रेक धरत नाही म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून उभी. रांग हलली, वॉचमन ओरडायला लागला. तुम्ही चावी फिरवली. बॅटरीत चावीवर उठण्याइतका जीव नव्हता. अशा वेळी सगळे जुने ड्रायव्हर करतात ते तुम्ही केलंत. पाना घेऊन गाडीखाली शिरलात आणि सेल्फच्या, म्हणजे इंजिन उठवणाऱ्या मोटरच्या, दोन नटांना टेकवलात. ठिणगी पडते, इंजिन उठतं. एरवी केबिनमध्ये क्लीनर असतो, क्लच दाबून धरतो. केबिनमध्ये कुणी नव्हतं. इंजिन उठलं आणि गाडी गिअरमध्ये होती.

यापुढचं मी लिहिणार नाही. तुम्हाला आणलं तेव्हा मामीनं ते पाहिलं आहे, तेवढं पुरे.

तिसऱ्याचं झालं आणि मालक घरी आला. चप्पल बाहेर काढली, मामीसमोर हात जोडले. मग म्हणाला की भिवसनला गाण्याचं वेड होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवा टेप बसवतोय, नवा टेप बसवतोय, असं तो सगळीकडं सांगत होता. गेटवर गाणी लावून बसला असणार, बॅटरी उतरवली, मग स्वतःच खाली शिरला. नशीब. त्याच्या माणसानं एक कागद पुढं केला. त्यात हेच नीट भाषेत लिहिलेलं होतं, खाली मामीचा अंगठा हवा होता. अंगठा दिला तर मालक आपल्या मनानं काही मदत करणार होता. कोर्टकचेरी नको म्हणाला. ती बाईमाणसाला झेपत नाही म्हणाला.

तुम्ही आनंदानं ज्यांना ज्यांना सांगितलंत, मामा, मोरपंखी रेक्झिनचं, घोंगडीचं, मामीच्या त्या बोलण्याचं, त्या सगळ्यांचा आता तुमच्याविरुद्ध उपयोग होणार होता.

मामीनं अंगठा दिला नाही. "इचार करून सांगते," म्हणाली. मालक गेला. मी तिथंच बसून पत्रक लिहायला घेतलं. असं झरझर मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. माझ्याकडं पुरावा होता! टेप आमच्या कपाटावर होता. मथळा टाकला: 'टेप नव्हता!' खाली लिहिलं की कष्टकरी भिवसन त्या दिवशी गाणं ऐकत नव्हता, त्याच्या गाडीत गाणं वाजणं शक्यच नव्हतं, मालक धादांत खोटं बोलतो आहे. बाबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "छाप."

मी ते मामीला वाचून दाखवलं. मामी ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"म्हंजी टेप असता तर मालक खरा?"

मी म्हटलं, तसं नाही मामी, पण मामा गाणं ऐकत होते असं मालक म्हणतो, आणि आपल्याकडं पुरावा आहे की...

"ऐकलं असतं तर काय पाप केलं असतं त्यानं? सकाळपासून उन्हात उभं केलं त्याला. तू घरोघर सांगत फिरणार, आमच्या मामानं गाणं ऐकलं नाय हो, आमचा मामा तसा नव्हता हो. त्यो तसाच व्हता, क्रांते. त्याला लई आवडायचं. दारू नाय, पत्ते नाय, तेवढं एकच व्हतं. ते बी तू काढून घेती?"

मी चिडले. खरंच चिडले, मामा. मला वाटलं, हिला कळत नाही, आता भरपाईचा खटला लढायचा आहे, इथं आवडीनिवडीचं काम नाही. वकीलताईही तेच म्हणाल्या. आमच्या चळवळीतल्या, फी न घेणाऱ्या, स्वच्छ बोलणाऱ्या. त्या मामीला समजावत होत्या: पोलिसांसमोर जबाब होईल, त्यात एवढंच सांगा की गाडीत टेप नव्हता, बॅटरी जुनी होती, हँडब्रेक खराब होता, क्लीनर नव्हता. एक शब्द जास्त नको. जास्तीच्या शब्दाला समोरचा वकील लटकतो. सगळी भरपाई या जबाबावर उभी आहे.

मामीनं मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

घरी आल्यावर मी पत्रक पुन्हा वाचलं, आणि मला तुमचा चहाचा दिवस आठवला. गाणंही मालकाकडं मागू का, असं तुम्ही विचारलं होतंत. माझ्या पत्रकात मी नेमकं तेच करत होते. मालकानं ठरवलं की गाणं हा गुन्हा, आणि मी शपथेवर सांगत होते की आमच्या माणसानं तो केला नाही. तो पंख्याबद्दल का बोलला नाही अजून? बोलेल. उद्या म्हणेल भिवसनला घाम आला ही भिवसनची चूक. तेव्हा मी काय छापणार? 'घाम आला नव्हता!' मी मथळा खोडला. त्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही. बाबांनी विचारलं, छापायला कधी द्यायचं? मी म्हटलं, थांबा.

जबाबाच्या दिवशी अस्लमभाई आधीच येऊन ठाण्याच्या पायरीवर बसले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. आत त्यांनी हवालदारांना सांगितलं, "साब, टेप निकाला हुआ था, मेरे सामने." एवढं सांगून ते उठू शकले असते. उठले नाहीत. "और एक बॅटरीसे वायर मैंनेच डाली थी. सब ऐसाच डालते. लेकिन डाली मैंने. वो भी लिखो." तुमचं नाव त्यांना घेता आलं नाही, दर वेळी "वो" म्हणत होते.

मग मामी. डोक्यावरून पदर, हात मांडीवर. हवालदार चांगले होते, सावकाश विचारत होते, लिहीत होते. बॅटरी. हँडब्रेक. क्लीनर. मामीनं ठरल्याप्रमाणं सगळं सांगितलं, एक शब्द जास्त नाही. मालकाचा वकील मागं उभा होता. वकीलताई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा हात दाबला, सगळं ठीक चाललं आहे अशा अर्थानं.

शेवटी हवालदारांनी विचारलं, "म्हणजे तुमचे मिस्टर त्या दिवशी गाडीत गाणी ऐकत नव्हते. बरोबर?"

"नव्हते साहेब," मामी म्हणाली. "टेप काढलेला व्हता."

हवालदारांनी लिहिलं. मामी त्यांच्या पेनाकडं बघत राहिली. पेन थांबल्यावर म्हणाली, "पण ऐकायला पायजे व्हतं."

"काय?"

"गाणं. ऐकायला पायजे व्हतं त्यानं. दिवसभर उभं करायचं, अन् गाणं बी नाय. त्यानं ऐकलं असतं तरी मालकानं बॅटरी द्यायला पायजे व्हती. ऐकलं असतं तरी मारायचं काय कारण नव्हतं त्याला."

मालकाचा वकील पुढं सरकला. हवालदारांनी पेन हातात तसंच धरून आमच्याकडं बघितलं.

"हे शेवटचं लिहायचं का, ताई? की सोडून देऊ?"

वकीलताईंनी माझा हात अजून सोडला नव्हता. त्यांनी मान हलवली: नको. मामीनं त्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. पदर सारखा केला.

"लिवा," ती म्हणाली.